पडदेमास्तरांची बग्गी

पडदेमास्तरांनी त्या दिवशी एवढंच ठरवलं होतं, की आज चहा घरी प्यायचा नाही. यापलीकडे त्यांच्या डोक्यात काहीही नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोकांना वाटतं की या माणसाने महिनोन् महिने कट शिजवला असणार. छे. माणूस रागावला होता, आणि रागावलेला माणूस घरचा चहा पीत नाही. (घरातल्या कोणीही 'का हो, चहा का नको?' असं विचारलं नाही, ते सोडा.)

रागाला कारण होतं. मास्तरांचं पडद्यांचं दुकान. मापं घेणं, कापणं, शिवणं, आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन शिडीवर चढून पडदा टांगणं, हे सगळं त्यांनी जन्मभर स्वतः केलं. दुकानाचे दोन कायदे होते. पहिला, पडद्याची कड जमिनीपासून बोटभर वर असली पाहिजे. जमिनीवर लोळणारा पडदा दिसला की मास्तरांचं डोकं फिरायचं, मग तो परक्याच्या घरचा का असेना. आणि दुसरा कायदा म्हणजे मास्तरांचा खटका. पडद्याची दोरी ज्यातून जाते तो हा पितळी खटका त्यांनी स्वतः घडवून घेतला होता. दोरी ओढली की त्यात ती अशी घट्ट बसायची की पडदा जागचा हलत नसे. सोडवायची तर दोरी आधी थोडी खाली ओढायची, मग बाजूला घ्यायची. 'आमची दोरी एकदा बसली की सुटत नाही,' हे वाक्य मास्तर गिऱ्हाइकाला इतक्या अभिमानाने सांगत की गिऱ्हाईकही मान डोलवत असे.

तर महिन्यापूर्वी मास्तर दातांच्या डॉक्टरांकडे पडदा लावायला गेले, शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहिले आणि पडद्यासकट खाली आले. लागलं काहीच नाही. पडद्यात गुंडाळलेले असल्यामुळे उलट मऊच पडले. पण खुर्चीतला पेशंट तोंड उघडं टाकून पळाला, आणि बातमी मास्तरांच्या आधी घरी पोचली.

घरी बैठक बसली. बायको, चिरंजीव, आणि ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं ते मेव्हणे. मेव्हणे नोकरीतून निवृत्त झाल्यापासून रोज समुद्रकिनाऱ्यावरच्या बाकड्यावर जाऊन बसत आणि जगातला कुठलाही प्रश्न 'सोडून द्या हो' या तीन शब्दांत निकालात काढत. बैठकीत ठरलं की यापुढे शिडी चिरंजीव चढणार. मास्तरांनी दुकानात खुर्चीवर बसायचं आणि नुसतं सांगायचं. इथवर मास्तर दातओठ खाऊन ऐकत होते. पण मग बायकोने खुंटीवरची स्कूटरची चावी काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

शिडीवरून पडला म्हणून स्कूटर बंद! हा कुठला न्याय? मास्तरांनी विचारलं तर मेव्हणे म्हणाले, "भाऊजी, सोडून द्या हो." मास्तरांनी पर्सकडे पाहिलं. पर्स कपाटात गेली. कपाटाला कुलूप लागलं. आता उद्या दुधाची पिशवी कापायलाही परवानगी काढावी लागणार, असं मास्तरांना स्पष्ट दिसायला लागलं. त्यानंतर ते घरात जेवढ्या म्हणून जोराने दार आपटता येईल तेवढ्या जोराने आपटत, पण त्याचाही उपयोग होईना, कारण दारं फुगलेली असल्यामुळे ती आपटायची नाहीत, अडकायची.

म्हणून तो किनाऱ्यावरचा चहा.

किनारा लांबलचक. एका टोकाला काळे खडक, दुसऱ्या टोकाला दीपगृह, आणि मधली वाळू ओहोटीला इतकी रुंद आणि टणक होते की वर मोटार चालवावी. वारा असा की चहाच्या कपातला चहा शेजारच्याच्या शर्टावर. मास्तर कप दोन्ही हातांनी झाकून उभे असतानाच समोरून काहीतरी सणसणत गेलं. तीन चाकांची एक बुटकी गाडी, तिच्यात जवळजवळ आडवी झालेली हेल्मेट घातलेली एक बाई, आणि पुढे आभाळात दोऱ्यांना बांधलेला एक भलाथोरला पतंग. इंजिन नाही, पेडल नाही. वारा पतंगाला ओढतो, पतंग गाडीला ओढतो, आणि बाई पायांनी पुढचं चाक वळवत मजेत चालली आहे.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काय धाडस आहे. मास्तर मनात म्हणाले, अरे, हा तर पडदा आहे. नुसती खिडकी नाही.

ते थेट त्या हेल्मेटवालीपाशी गेले. ती किनाऱ्यावर पोरापोरींना ही बग्गी चालवायला शिकवायची. मास्तरांनी तिचा पतंग हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितलं की शिवण वाकडी आहे, इथे दुहेरी टीप हवी होती. ती हसली. मग मास्तरांनी विचारलं की शिकायला कधीपासून यायचं. ती परत हसली, यावेळी जरा प्रेमाने, आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसून बघा ना. तिकडे बाकडं आहे."

बाकड्यावर मेव्हणे बसले होते. त्यांनी हात केला.

झालं! तिने 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'जमणार नाही' म्हटलं असतं तर मास्तर दोन दिवस फुरंगटून गप्प बसले असते. पण बाकडं? तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की ते स्वतःची बग्गी बनवणार, खडकांपासून दीपगृहापर्यंत एका दमात जाणार, आणि त्यानंतर या घरात शिडी आणि स्कूटर यांबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. चावी खुंटीवर परत आली पाहिजे.

बायको घेवड्याच्या शेंगा मोडत होती. ती म्हणाली, चावी मिळणार नाही. आणि शेंगा मोडत राहिली.

पण मास्तर कामाला लागले होते. चिरंजीव मापं घ्यायला बाहेर पडला की दुकानाच्या मागच्या खोलीत यंत्र धडधडायला लागायचं. कापड होतं. एका लहान मुलांच्या दवाखान्याने पडदे सांगितले होते, गुलाबी कापडावर पिवळी बदकं, आणि ऐनवेळी त्यांचं मन बदललं होतं. त्याला रेनकोटचं अस्तर लावलं की वारा आरपार जाणार नाही. सांगाड्याला पडद्यांच्या नळ्या होत्या. बसायला गच्चीवरची प्लॅस्टिकची खुर्ची, पाय कापलेली. (खुर्ची कुठे गेली, अशी चौकशी झाली. मास्तरांनी वाऱ्यावर ढकललं, जे पुढे खरंच ठरलं.) अडलं चाकांशी. एका मापाची तीन चाकं आणायची कुठून?

तर ती जिन्याखालीच उभी होती. जुनी, दणकट स्कूटर. एक चाक पुढे, एक मागे, आणि मागच्या बाजूला टांगलेलं एक जादा. मास्तरांना वाटलं, ही योजना देवाचीच असली पाहिजे. त्यांनी भर दुपारी, घर झोपलेलं असताना, तिन्ही चाकं काढली, स्कूटरला विटांवर बसवलं आणि वर कव्हर चढवलं. हे कव्हरही त्यांनी स्वतःच शिवलेलं, किनारीला पायपिंग लावून. कोणाच्या बापाला कळणार नाही, असं म्हणत ते हात झटकून आत गेले.

आता राहिली दोरी. पतंगाचे दोन जाड दोर खुर्चीच्या हातांना पक्के बांधले, आणि मधून एक बारीक दोरी घेतली. ती ओढली की बदकं पसरणार आणि वारा भरणार, ढिली केली की कापड गोळा होऊन वारा जाणार. अगदी पडद्यासारखं. आणि दोरीच्या टोकाला, खुर्चीच्या उजव्या हातावर, मास्तरांनी काय बसवलं असेल? खटका. त्यांना तसा विचारही करावा लागला नाही. जन्मभर ज्या हाताने दोरीला खटका लावला त्या हाताने इथेही लावला, चार स्क्रू पिळले आणि वर फुंकर मारली.

इकडे घरी रोज जेवताना चावीचा विषय निघत होता आणि रोज बायको आमटी वाढून तो बंद करत होती. आणि एका संध्याकाळी अघटित घडलं. बायको जिना झाडून वर आली, हात धुतले, आणि कोणी काही विचारलं नसताना म्हणाली की बरं, दीपगृहापर्यंत जाऊन दाखवा, तिथल्या तिथे चावी देते. वर हसली. मास्तरांचा ऊर भरून आला. आपला करारीपणा बघून ही विरघळली, असं त्यांनी चिरंजीवाला दोनदा सांगितलं. चिरंजीव म्हणाला, बाबा, आई अशी हसते तेव्हा मला भीती वाटते. त्याच्याकडे मास्तरांनी दुर्लक्ष केलं.

ठरलेल्या सकाळी ओहोटी होती आणि वारा पिसाळलेला होता. बायको आली, पर्स घेऊन. चिरंजीव आला, मलमपट्टीचं सामान घेऊन. मेव्हणे होतेच, त्यांनी बाकड्यावरच्या सगळ्या मित्रांना बोलावलं होतं. मास्तर स्कूटरचं हेल्मेट घालून खुर्चीत बसले. हेल्मेटवाली धावत आली, तिने बग्गीभोवती फेरी मारली, बदकांवर हात फिरवला आणि शिवण सुरेख आहे असं कबूल केलं. मग तिचं लक्ष खटक्याकडे गेलं. तिने विचारलं की आमच्यात हात सोडला की पतंग लगेच पडतो, तुमच्यात सुटायची सोय कुठे आहे?

"आमच्याकडे सुटत नाही," मास्तर म्हणाले. "तीच तर खासियत आहे."

ती काहीतरी बोलायला गेली, पण तोवर मास्तरांनी दोरी ओढली होती.

बदकं एकदम पसरली. फाडकन् आवाज झाला, दोर ताणले, आणि बग्गी जी निघाली ती मास्तरांची चप्पल मागे टाकूनच निघाली. पहिला काही वेळ मास्तर नुसते ओरडत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आनंदाने ओरडतो आहोत. वाळू खालून झरझर मागे चालली होती, चाकं गुणगुणत होती, पायाने जरासं दाबलं की गाडी वळत होती. वळत होती म्हणजे त्यांचं ऐकत होती! गेल्या महिन्याभरात त्यांचं ऐकणारं पहिलंच कोणी. बाकड्यासमोरून जाताना त्यांनी मेव्हण्यांना हात केला, आणि मेव्हण्यांच्या मांडीवरचा पेपर वाऱ्यासरशी त्यांच्या मागोमाग गेला.

दीपगृह जवळ आलं. मास्तरांनी ठरवल्याप्रमाणे दोरी ढिली करायला हात घातला. दोरी आधी थोडी खाली ओढायची, मग बाजूला घ्यायची. पण ती दोरी आता खिडकीतल्या पडद्याला बांधलेली नव्हती. पलीकडून सगळा समुद्रावरचा वारा ती ओढत होता. मास्तरांनी एका हाताने जोर लावला. दोन्ही हातांनी लावला. शेवटी दातही लावले. खटका हलेना. जन्मात पहिल्यांदा मास्तरांना वाटलं, की हा इतका चांगला बनवायला नको होता.

दीपगृहापाशी माणसं जमली होती. चिरंजीव आडवाटेने पळत तिथे पोचला होता. तो ओरडत होता, "बाबा, सोडा! दोरी सोडा!" हेल्मेटवालीही मागून आपल्या बग्गीतून तेच ओरडत होती. आणि त्या गर्दीत कसे कोण जाणे मेव्हणेही होते, आणि तेही तेच म्हणत होते, पण त्यांचं काय, ते नेहमीच म्हणतात.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? 'सुटत नाहीये' असं म्हणाला असतात. साधं आहे. पण भर किनाऱ्यावर, मेव्हण्यांच्या देखत, आपला खटका अडकला असं मास्तरांनी कबूल करायचं? त्यांनी मान ताठ केली, घाबरून पांढरा पडलेला चेहरा हेल्मेटमध्ये आणखी आत घेतला, आणि दीपगृहासमोरून जाताना खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही सोडणार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर दीपगृहाच्या पलीकडे दिसेनासे झाले.

पलीकडे खाडी होती. ती असते हे मास्तरांना माहीत होतं, फक्त एवढ्या लवकर येते हे माहीत नव्हतं. बग्गी पाण्यात शिरली, चिखलात रुतली, खुर्ची सुटली, पुढचं चाक एकटंच थोडं पुढे जाऊन ओहोटीच्या ओढीत पडलं आणि शांतपणे समुद्राकडे निघालं. उजवं चाक चिखलाने गिळलं. डावं वाकून त्याचा आठ झाला. आणि मग इतका वेळ वर असलेली बदकं सगळीच्या सगळी मास्तरांच्या अंगावर खाली आली.

त्या गुलाबी अंधारात मास्तर बसून राहिले. 

थोड्या वेळाने चाकांचा आवाज आला. हेल्मेटवालीकडे दोन माणसांची बग्गी होती, आणि मागच्या जागी हेल्मेट घालून, पर्स मांडीवर धरून बसली होती मास्तरांची बायको. केस विस्कटलेले, गाल लाल. (तिला मजा आली होती, हे तिने मागाहून बहिणीला फोनवर सांगितलं, मास्तरांना नाही.) ती चिखलातून चालत आली, बदकांची कड उचलली आणि आत डोकं घालून म्हणाली, "लागलं का कुठे?"

"नाही."

"खटका अडकला ना?"

 तीस वर्षं ज्या बाईने दुकानात काज-बटणं केली तिला काय सांगायचं. मग एकाएकी त्यांचा बांध फुटला. "मला बाकड्यावर बसवू नका गं," ते म्हणाले. "पडलो तर पडलो. पण एकदा बसलो ना, तर मी परत उठायचो नाही. मला माहीत आहे मी कसा आहे ते."

 आत बदकांच्या खाली बायकोही येऊन बसली, चिखलातच. मग म्हणाली की शिडीवर चढा, पण खाली शिडी मी धरणार, आणि वरच्या पायरीच्या खालच्या पायरीवर थांबायचं. मास्तरांनी नाक ओढलं आणि मान्य केलं. तिने पर्स उघडली आणि चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

घराकडे येताना मास्तरांची छाती इंचभर पुढे होती. एका पायात चप्पल, अंगभर चिखल, मागून चिरंजीव आठ झालेलं एकुलतं एक चाक खांद्याला लावून चाललेला, आणि मास्तर बाजारातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. भेटेल त्याला चावी दाखवत होते. मेव्हण्यांना तर दोनदा दाखवली. मेव्हणे म्हणाले, भाऊजी, मानलं तुम्हाला, आणि पहिल्यांदाच 'सोडून द्या' म्हणायचं विसरले.

घरी येऊन मास्तरांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. एक चक्कर मारून येतो, असं चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. जिना उतरले. कव्हरचं टोक धरलं आणि झोकात ओढलं.

विटा.

माणूस विजयाच्या भरात काय काय विसरतो बघा. मास्तर हातात कव्हर घेऊन उभे राहिले. वर खिडकीत बायको आली होती. ती म्हणाली की त्या दिवशी जिना झाडताना बघितलं, तर कव्हर जमिनीवर लोळत होतं. तुमच्या हातचं कव्हर आणि जमिनीवर? कड उचलून पाहिली. तेव्हाच म्हटलं, आता चावी द्यायला हरकत नाही.

मास्तरांना त्या क्षणी दोन वाटा होत्या. एक, वर जायचं आणि गप्प बसायचं. ती त्यांना पटली नाही. त्यांनी कव्हरची नीट घडी केली, हेल्मेट घातलं, विटांवरच्या स्कूटरवर बसले, चावी फिरवली आणि किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली. इंजिनाचा आवाज जिन्यात घुमला, वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. मास्तरांनी ताठ मानेने समोरच्या भिंतीकडे पाहत हॉर्न वाजवला.

"निघालाच आहात," बायको खिडकीतून म्हणाली, "तर येताना कोथिंबीर आणा."